गुत्ता बंद पडला म्हणून रडायचं कोणी?



जुन्या गुत्त्यांच्या आठवणी लिहायची सध्या फॅशन आली आहे. दारूबंदीच्या काळातल्या मुंबईच्या 'आंटी'च्या खोल्या, गोव्यातल्या जुन्या फेणीच्या टपऱ्या, आणि आपल्याकडचा देशीचा गुत्ता. लाकडी बाकडं, काचेचा ग्लास, पुडीतले फुटाणे. सूर सगळ्यांचा एकच : तिथे जात नव्हती, सगळे सारखे होते, त्या जागा गेल्या आणि माणूस एकटा पडला.

यातलं शेवटचं खरं आहे. बाकीचं तपासून घेऊ.

जात नव्हती? ज्या गावांत चहाच्या हॉटेलात आमच्या आजोबांच्या पिढीसाठी वेगळी कपबशी ठेवलेली असायची आणि पिऊन झाल्यावर ती स्वतःच विसळून ठेवावी लागायची, त्याच गावांतला गुत्ता समतेचं बेट कसा झाला? बाकड्यावर शेजारी बसू देत असतीलही. पण गल्ल्यावर कोण बसलं होतं आणि दिवसाची मजुरी मोडून बाकड्यावर कोण बसलं होतं, हे आठवणी लिहिणारे सांगत नाहीत. राज्यात देशीच्या दुकानांचे नवे परवाने १९७० च्या दशकापासून बंद आहेत. त्यामुळे जुना परवाना ही जहागिरी झाली. आपल्या तालुक्यातले परवाने कोणाच्या नावावर आहेत, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून विचारा. आडनावं वाचा, मग समतेवर बोलू.

आणि घरी वाट बघणारी बाई? तिची आठवण या लेखांत कुठेच नसते. गुत्ते बंद पाडले ते तिनेच. २००८ च्या शासन आदेशाने तिला आडव्या बाटलीचं मतदान मिळालं. पण अट बघा : झालेल्या मतदानाच्या नव्हे, एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. म्हणजे ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेली बाई मतदानाला आली नाही, की तिचं नाव आपोआप उभ्या बाटलीच्या खात्यात. असा नियम आमदार निवडायला लावला तर किती जण निवडून येतील?

जोतीराव फुले पुणे नगरपालिकेत असताना १८८० साली दारूच्या दुकानांच्या विरोधात लेखी भांडले होते. बाबासाहेबांची भूमिका मात्र आपले वक्ते अर्धीच सांगतात. १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदीला स्पष्ट विरोध आहे. महसूल बुडतो आणि दारू घरोघर गाळली जाते, हा त्यातला मुद्दा. पाच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, त्याच बाबासाहेबांनी नागपुरात बावीस प्रतिज्ञा दिल्या. सतरावी दारू न पिण्याची आहे. यात विसंगती शोधणाऱ्यांनी शोधत बसावं. पोलिसाच्या दंडुक्याने दारू सुटत नाही, माणूस स्वतः ठरवतो तेव्हा सुटते, इतका साधा त्याचा अर्थ मी लावतो. चंद्रपूरने २०१५ ते २०२१ दारूबंदी करून पाहिली आणि ती उठलीच.

आता आपल्या घरातलं. गुत्ता ओस पडला म्हणून पिणं कमी झालं असं समजणारे कार्यकर्ते स्वतःला फसवताहेत. पिणारा ढाब्यावर गेला, परमिट रूममध्ये गेला, पव्वा खिशात घालून शाळेच्या मागे गेला. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेच्या मागे चालून बघा, किती तोंडांना वास येतो. निळा झेंडा हातात आणि सतरावी प्रतिज्ञा पायाखाली. हे बोललं की पोरं चिडतात. चिडू द्या.

मात्र नुसतं 'दारू सोडा' म्हणणारं भाषणही मला मान्य नाही. रे ओल्डनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९८९ च्या पुस्तकात 'तिसरी जागा' अशी कल्पना मांडली : घर नाही, कामाची जागा नाही, जिथे माणूस सहज जाऊन बसतो ती. इंग्रजांचा पब त्याने त्यातच धरला. आपल्या मजुराची तिसरी जागा कोणती? पारावर कोण बसायचं हे गावाने आधीच ठरवलेलं. देवळाचा सभामंडप आपला नाही. दोन खोल्यांच्या घरात पाय पसरायला जागा नाही. आमच्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीला हजारो माणसं पंगतीत बसतात, पण ते वर्षातून एकदा. रोज संध्याकाळी दहा तास राबून आलेल्या माणसाने बसायचं कुठे? गुत्ता त्याला बाकडं देत होता आणि त्याची किंमत त्याच्या पोरांच्या ताटातून वसूल करत होता.

आपल्याकडे तर बाकडं फुकट द्यायची सोय आहे. वस्तीवस्तीत विहार आहे, समाजमंदिर आहे, आणि बहुतेक ठिकाणी पौर्णिमा-जयंती सोडली तर त्याला कुलूप आहे. फरशी झिजू नये म्हणून विहार बांधला का? तिथे वर्तमानपत्र लागतं, कॅरम लागतो, चहाची किटली लागते, अभ्यासाला बसलेल्या पोरांसाठी बाजूला एक दिवा लागतो. मोठ्या आवाजात गप्पा मारणाऱ्या आणि आजही थोडी पिऊन आलेल्या माणसालाही दारातून न हाकलणारा कोणी तरी लागतो. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, कारण आपल्यातल्या शिकलेल्यांना तोच माणूस नको असतो.

विहार समितीच्या पुढच्या बैठकीत मूर्तीच्या रंगरंगोटीआधी हा विषय घ्या : संध्याकाळी सात ते दहा किल्ली कोणाकडे राहणार.