काम कोणाचं : डिझायनरचं की प्रोग्रॅमरचं?

युरोपियन युनियनचा सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला. ऑनलाइन दुकानं, बँका, ई-पुस्तकं या सेवा अंध, अपंग ग्राहकांनाही वापरता आल्या पाहिजेत, असं तो सांगतो. ब्रिटन युनियनबाहेर पडलं असलं, तरी तिकडच्या ग्राहकांना विकणाऱ्या इथल्या कंपन्यांची त्यातून सुटका नाही. त्यामुळे लंडनमधल्या आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या मीटिंगमध्ये एक वाद हमखास रंगतो : हे काम कोणाचं?

मला वाटतं, खरा घोळ या प्रश्नातच आहे. डिझायनर फिग्मावर स्क्रीनचं चित्र काढतो आणि पुढे सरकवतो. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान ४.५ : १ हवा, हे तो पाहतोही. पण माऊस न वापरता नुसत्या कीबोर्डवर कुठून कुठे जायचं, स्क्रीन रीडरनं बटणाचं नाव काय वाचायचं, हे चित्रात दिसत नाही. प्रोग्रॅमर म्हणतो, ‘डिझाइनमध्ये नव्हतं.’ दोघंही खोटं बोलत नाहीत. अडकतो तो ग्राहक.

ब्रिटिश सरकारनं २०११ मध्ये ‘गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिस’ स्थापन केली, तेव्हा डिझायनर, मजकूर लिहिणारे आणि प्रोग्रॅमर यांना एकाच टीममध्ये बसवलं. २०१८ मध्ये त्यांची ‘डिझाइन सिस्टीम’ आली. बटण कसं दिसावं, त्याचा कोड आणि ते कधी वापरावं, हे सगळं तिथे एकत्र आणि फुकट मिळतं.

आपल्या लोकांचा संबंध इथेच येतो. अनेक प्रकल्पांत डिझायनर लंडनला आणि प्रोग्रॅमर पुण्यात असतो. पुण्याच्या हाती डिझाइन पडतं ते मंजुरीनंतर. मग शंका काढली की ‘उशीर करतात’ हा शिक्का! पहिल्या आराखड्यालाच पुण्याचा माणूस हजर हवा, आणि ‘हे चालणार नाही’ म्हणायचा अधिकारही त्याला हवा. नाहीतर शेवटच्या तपासणीत सापडलेली दुरुस्ती महाग पडते आणि खापर पुण्यावर फुटतं.

आणि हा फक्त परदेशी गिऱ्हाइकांचा प्रश्न नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा मिळणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. प्रकरण होतं केवायसीचं. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा, अशी अट. ॲसिड हल्ल्यात पापण्या गमावलेल्यांनी ती पाळायची कशी? डिझाइन सुबक असेल, कोडही बिनचूक असेल. पण हा प्रश्न दोघांनी एकत्र बसून वेळेवर विचारायला हवा होता.