आधी मोजणी, मग काढणी
खंडाळा तालुक्यातील रानौषधींसाठी जाहीरनामा

लोणंदच्या बाजारात कांद्याची पिशवी काट्यावर चढते, वजन लिहिलं जातं, पट्टी शेतकऱ्याच्या हातात पडते. मांढरदेवच्या डोंगररांगेतून उतरणाऱ्या शतावरीच्या मुळ्यांची, गुळवेलीच्या मोळ्यांची, धायटीच्या फुलांची पट्टी आम्ही कधी पाहिलेली नाही. डोंगरात मागे किती उरलं, हे विचारायलाच आम्ही एकत्र येत आहोत.

गेल्या हिवाळ्यात घाटाखालच्या एका ओघळीत आमच्यापैकी काही जणांनी शतावरी खणताना पाहिली. कुदळीचे चार घाव, की आख्खा गड्डा वर. पांढुरक्या, रसाळ, बोटाएवढ्या मुळ्यांचा झुबका आणि मधोमध कोंब धरणारा खोडवा. मुळ्या पिशवीत गेल्या, खोडवा उन्हात पडला, दुपारपर्यंत सुकला. चार मुळ्या ठेवून तो परत मातीत दाबला असता, तर पावसाळ्यात पुन्हा फुटला असता. खणणाऱ्या बाईला हे आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण तिला पैसे किलोवर मिळतात, मागे ठेवलेल्या मुळ्यांचे मिळत नाहीत. आमचा राग तिच्यावर नाही. ज्या व्यवहारात तिला हे करावं लागतं, तो आम्हाला बदलायचा आहे.

आपल्याच जिल्ह्यात आणि शेजारच्या सांगलीत नरक्याचं काय झालं, ते आठवावं. कोयना, महाबळेश्वर, चांदोलीच्या सदाहरित रानातलं हे झाड, फुलांच्या दुर्गंधीमुळे असं नाव पडलेलं. 1966 मध्ये एका चिनी झाडात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य सापडलं. 1972 मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांना ते नरक्यात आढळलं. त्यापासून पुढे कर्करोगावरची औषधं तयार झाली, ही चांगलीच गोष्ट. पण झाडाची किंमत आधी कळली आणि संख्या मोजायची आठवण नंतर झाली. मधल्या काळात कुऱ्हाडी चालल्या, चोरटी वाहतूक झाली. खंडाळ्यात नरक्या नाही. आपल्याकडे शतावरी, सफेद मुसळी, कळलावी, बेडकीचा पाला, अनंतमूळ, बेहडा आहे. त्यांच्यावर ती पाळी येण्याआधी मोजायला वेळ आहे.

देशपातळीवर 2017 च्या अहवालात 1,178 औषधी वनस्पतींचा व्यापार नोंदला गेला. त्यातल्या 242 वनस्पतींची वार्षिक उलाढाल प्रत्येकी 100 टनांहून अधिक. हा आकडा बाजाराचा आहे. डोंगराचा आकडा गावोगाव, पायी फिरूनच मिळेल.

मोजणी अवघड नाही. झाडा-झुडपांसाठी 10 मीटर बाजूचा चौकोन, मुसळीसारख्या लहान वनस्पतींसाठी 1 मीटरचा. चौकोनात मोठी झाडं किती, पोरसवदा किती, नुसती रोपं किती, हे वेगवेगळं लिहायचं. मोठी भरपूर आणि रोपं नाहीत, तर रान म्हातारं होत चाललंय असं समजावं. जिथे काढणी होते तिथे आणि जिथे होत नाही तिथे, दोन्हीकडे मोजायचं, दरवर्षी त्याच जागी. वेळही नेमकी हवी. उन्हाळ्यात मुसळी जमिनीखाली निजलेली असते, म्हणून तिची मोजणी श्रावणातच.

सगळ्या वनस्पतींना एकच नियम लावणार नाही. बेहड्याची फळं वेचली तर झाड उभं राहतं. भीमाशंकर परिसरात हिरड्या-बेहड्याच्या फळांना फेअरवाइल्ड प्रमाणपत्र मिळालं, ते झाडं जपून केलेल्या वेचणीमुळे, आणि अशा उभ्या राहिलेल्या जुन्या बेहड्यांच्या ढोल्यांत कोकणात धनेश घरटी करतात. गुळवेल मधून कापली तरी वरचा तुकडा दोऱ्यासारखी मुळं खाली सोडतो, जमीन गाठतो. पण मुळांसाठी समूळ खणली जाते ती वनस्पती जिवानिशी जाते. म्हणून मुळांच्या बाबतीत आमचा शब्द पक्का: मोजणी नाही, तिथे कुदळ नाही.

मोजणार कोण? डोंगर चालणाऱ्या बायका, मेंढरांमागे फिरणारे धनगर, वैदू, आणि त्यांच्या सोबत महाविद्यालयातली वनस्पतिशास्त्राची मुलं. सावित्रीबाईंचं नायगाव याच तालुक्यात आहे. इथे लिहिता येत नाही म्हणून कुणा बाईला मोजणीबाहेर ठेवलं जाणार नाही. ती पान ओळखेल, मूल आकडा लिहील, आणि वहीत नाव दोघांचं राहील.

कायदा आपल्या बाजूला आहे. जैवविविधता कायदा, 2002 प्रमाणे ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला आपल्या हद्दीतून व्यापारासाठी गोळा होणाऱ्या मालावर शुल्क घेता येतं. याच समित्यांनी ठेवायच्या लोकजैवविविधता नोंदवह्या 2020 च्या मुदतीसाठी देशभर घाईघाईने भरल्या गेल्या. वहीत नुसती नावांची यादी असेल, तर तिथे आकडे लिहा, अशी मागणी आम्ही प्रत्येक ग्रामसभेत करू. वनहक्क कायदा, 2006 ने वननिवासींना गौण वनोपजाची मालकी दिली, त्याचे दावे जिथे बसतात तिथे मदत करू.

व्यापाऱ्यांना आणि औषध कारखान्यांना सांगणं असं: माल कुठल्या गावच्या हद्दीतला, ते पिशवीवर लिहा. खोडवा परत लावणाऱ्याला किलोमागे जास्त द्या. वैद्यांनो, रोग्याला शतावरी लिहून देताना ती शेतातली की रानातली, हे दुकानदाराला विचारा.

पहिली मोजणी येत्या श्रावणात, खंबाटकीच्या पायथ्याच्या उतारांवर. येताना 40 मीटर दोरी, चार खुंट्या, एक वही आणि पेन्सिल आणा, पावसात शाई पसरते. घरात फोडशीची, म्हणजे मुसळीच्या पाल्याची, भाजी ओळखणारी आजी असेल, तर तिला आधी आणा.