परक्याची ठेव

माणूस परगांवीं निघाला म्हणजे आपला ऐवज विश्वासू शेजाऱ्याच्या स्वाधीन करतो, आणि शेजारीहि तो स्वतःच्या ऐवजापेक्षां अधिक जपतो. विश्वविद्यालयांत नांव दाखल करतांना विद्यार्थी अशीच एक ठेव कचेरीच्या हवालीं करीत असतो. जन्मतारीख, जात, वडिलांचें उत्पन्न, आजार, बँकेचा खातेक्रमांक हें सर्व तो मुकाट्यानें लिहून देतो. ही ठेव तितक्याच काळजीनें जपली जाते काय, हा प्रश्न विचारणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

नेदरलंड्स देशांतील मास्ट्रिख्ट विश्वविद्यालयाचें उदाहरण बोधप्रद आहे. 2019 च्या ऑक्टोबरांत तेथें एक फसवा ईमेल उघडला गेला. त्या फटींतून चोर आंत शिरले, दोन महिने दबा धरून बसले आणि नाताळाच्या तोंडावर, 23 डिसेंबर रोजीं, त्यांनीं 267 सर्व्हरांना जणूं कुलूप घातलें. राखून ठेवलेल्या कांहीं प्रतीहि त्याच जाळ्यास जोडलेल्या असल्यामुळें हातच्या गेल्या. अखेर 30 बिटकॉइन, म्हणजे सुमारें 2,00,000 युरो, खंडणी भरावी लागली. मात्र त्या संस्थेनें पुढें सर्व हकीकत मोकळेपणानें जगापुढें मांडली, हें तिला भूषणावह होय.

कोणी म्हणतील, "आम्हांपाशीं लपविण्याजोगें आहे तरी काय?" त्यांनीं अशा विद्यार्थ्याचा विचार करावा, कीं ज्याचा फीमाफीचा अर्ज, वडिलांच्या तुटपुंज्या मिळकतीच्या आंकड्यासह, साऱ्या वर्गाच्या मोबाइलवर फिरतो. मास्ट्रिख्टच्या खंडणीचा कांहीं भाग पोलिसांनीं पुढें हुडकून काढला. परंतु या मुलाची उघडी पडलेली गोष्ट कोणासहि पुन्हां झांकतां येणार नाहीं.

2023 सालीं आपल्या संसदेनें वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. रक्षणांत कसूर करणाऱ्या संस्थेस 250 कोटि रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यांत आहे. पण केवळ दंडाच्या भयानें दक्षता अंगीं बाणत नाहीं. लागेल तेवढीच माहिती मागावी. ज्याचें काम त्यानेंच ती पाहावी. परवलीचा शब्द दुसऱ्यास देऊं नये. एक प्रत जाळ्यापासून अलग ठेवावी. काम संपतांच अनावश्यक तें नष्ट करावें. आणि चोरी झालीच, तर ज्याची माहिती गेली त्यास तत्काळ कळवावें.

आमचे विद्यार्थिबंधु उद्यां विश्वविद्यालयांत जातील. कांहींजण तेथील कचेऱ्याहि सांभाळतील. मित्रानें विश्वासानें सांगितलेली गोष्ट त्याच्या अनुमतीवांचून कोणास न सांगण्याची संवय त्यांनीं आजपासूनच लावून घ्यावी, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंति आहे.