मानवंदना नेमकी कशाला?

स्कॉट सँडर्स दिग्दर्शित ‘ब्लॅक डायनामाइट’ (२००९) या विनोदी चित्रपटाविषयी लिहिणारे बहुधा एकाच शब्दापाशी येऊन थांबतात : मानवंदना. १९७० च्या दशकातील अमेरिकन ‘ब्लॅक्सप्लॉयटेशन’ चित्रपटांना प्रेमाने दिलेली मानवंदना. हा शब्द सौजन्याचा असला तरी समीक्षेच्या दृष्टीने आळशी आहे. हसणारा नेमका कोणाला हसतो, हा विडंबनाविषयीचा पहिला प्रश्नच तो विचारू देत नाही.

या चित्रपटात दोन प्रकारचे हास्य आहे. पहिले तंत्राविषयीचे. ध्वनिग्राहकाचा दांडा चौकटीत शिरतो आणि नायकाची नजर त्याच्याकडे वळते. एक नट संहितेतील रंगसूचनाच संवाद म्हणून बोलून टाकतो. या विनोदामागे रूडी रे मूरच्या ‘डोलेमाइट’ची (१९७५) कीर्ती उभी आहे. मूरने विनोदी ध्वनिमुद्रिकांच्या कमाईतून तो चित्रपट उभा केला होता. त्यात दिसणारा दांडा कुप्रसिद्ध झाला खरा. परंतु चित्रपटगृहात प्रक्षेपणाच्या वेळी झाकला जाणारा चौकटीचा भाग व्हिडिओ कॅसेटवर उघडा पडल्यामुळे तो इतका ठळक झाला, हे क्वचितच सांगितले जाते. म्हणजे ज्याला आपण अडाणीपणा समजून हसतो, तो बऱ्याच अंशी निर्मात्याचा दोष नव्हे. तो नंतरच्या वितरणाचा दोष आहे. येथे विडंबन साधनांच्या दारिद्र्याला शैली ठरवते आणि त्या दारिद्र्याची कारणे पुसून टाकते.

दुसरे हास्य याच्या नेमके उलट आहे. काळ्या पुरुषांचे पौरुष खच्ची करणारी दारू त्यांच्या वस्त्यांत विकली जात आहे, हा शोध नायक आणि त्याचे साथीदार खानावळीत बसून लावतात. ग्रीक पुराणकथांतून उड्या मारत जाणारी ती तर्कमालिका हास्यास्पद आहे; परंतु तिच्या मुळाशी असलेला संशय हास्यास्पद नाही. अमेरिकन सार्वजनिक आरोग्य सेवेने टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात उपदंशाच्या ३९९ काळ्या रुग्णांना उपचारांपासून वंचित ठेवून त्यांचे ‘निरीक्षण’ केले होते. कटाचे धागे निक्सनच्या व्हाइट हाउसपर्यंत पोहोचतात तेव्हा आपण हसतो, आणि ते हसू घशात अडकते.

जेमसन ज्याला पोकळ विडंबन म्हणतो आणि हचन ज्याला चिकित्सक अंतर राखून केलेली पुनरावृत्ती म्हणते, ती दोन्ही एकाच संहितेत अशी शेजारीशेजारी नांदतात. ‘मानवंदना’ या शब्दाने हा अंतर्विरोधच मिटवला जातो.

यावर आक्षेप येईल की, सहलेखक आणि नायक मायकेल जाय व्हाइट स्वतः कृष्णवर्णीय आहे. आपल्या माणसांची थट्टा करण्याचा अधिकार त्याला आहे. तो निःसंशय आहे. परंतु घरातल्या माणसाने केलेली थट्टा हा शेजाऱ्याच्या हसण्याचा परवाना ठरत नाही. आणि समीक्षक येथे बहुधा शेजारीच असतो.

हे चित्रपट निर्दोष होते, असेही नव्हे. ‘ब्लॅक्सप्लॉयटेशन’ हा शब्दच १९७२ मध्ये ज्युनियस ग्रिफिन या कृष्णवर्णीय कार्यकर्त्याने आरोप म्हणून वापरात आणला. मात्र त्या आरोपात या चित्रपटांविषयी गांभीर्य होते. १९७१ मध्ये ब्लॅक पँथर पक्षाच्या ह्यूई न्यूटनने मेल्विन व्हॅन पीबल्सच्या ‘स्वीट स्वीटबॅक्स बॅडअ‍ॅस साँग’चे पक्षाच्या मुखपत्रातून सविस्तर समर्थन केले, त्यातही ते होते. आरोप करणारा आणि समर्थन करणारा, दोघेही या चित्रपटांशी वाद घालत होते. आजचा कौतुक करणारा समीक्षक फक्त त्यांचे कपडे, केशभूषा आणि चुका मोजतो.

त्याच पक्षाच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिच्या कवींच्या भाषेला ‘ओबडधोबड’ ठरवणारी समीक्षा मराठी वाचकाला अपरिचित नाही. ओबडधोबडपणाला नाक मुरडणे आणि त्याच ओबडधोबडपणावर लुब्ध होणे, या दोन भिन्न अभिरुची नाहीत. दोन्हींना त्या संहितेचे म्हणणे ऐकायचे नसते.