गाठीभोवती एक इंजेक्शन

कर्करोगावरचं नवं संशोधन म्हटलं की महागडी यंत्रं आणि लाखांच्या घरातली औषधं डोळ्यांसमोर येतात. या अंकात आम्ही मुद्दाम मुंबईतल्या परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाकडे वळलो आहोत.

टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी २०११ पासून देशातल्या ११ केंद्रांवर सुमारे १,६०० स्त्रियांवर एक चाचणी केली. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया सुरू करण्याआधी निम्म्या जणींना गाठीच्या चहूबाजूंनी लिग्नोकेन टोचलं. दात काढताना हिरडी बधिर करतात, तेच हे औषध. मग काही मिनिटं थांबून गाठ काढली. शस्त्रक्रियेतल्या हाताळणीमुळे कर्करोगाच्या पेशी सुटून शरीरात पसरू शकतात. त्यांच्या हालचालीला लागणारे सोडियमचे मार्ग लिग्नोकेन रोखत असावं, असा तर्क आहे. पाच वर्षांनी इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, इतरांपैकी ८६.४ टक्के. फरक किरकोळ वाटेल, पण शंभरातल्या तीन-चार बाया वाचतात, आणि तेही जवळपास फुकटात!

याच रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांच्या चाचणीत ॲसेटिक ॲसिड, म्हणजे साध्या व्हिनेगरसारख्या द्रावाने, गर्भाशयमुखाची तपासणी केली आणि त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटवले. तपासणी करणाऱ्या होत्या प्रशिक्षित आरोग्यसेविका.

लिग्नोकेनवर कुणाचं पेटंट नाही, त्यामुळे या इंजेक्शनचा गाजावाजा करायला कुठलीही कंपनी येणार नाही. घरात कुणाची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर सर्जनना याबद्दल जरूर विचारा.