स्वस्त युरिया, पडलेली तूर

घोड-भीमेच्या पाण्यावर ऊस डोलतो. शिरूर-दौंडच्या जिरायतीत मात्र कडब्यावरच दावण उभी आहे. तिथेही कोरड्या रानावर युरिया फेकायची सवय लागली. वरून टाकलेले नत्र ओलीशिवाय पिकाला मिळत नाही. चुनखडीच्या काळ्या रानात त्यातले बरेचसे अमोनिया होऊन उडून जाते. रब्बी ज्वारीचे खत पेरणीलाच, दोन चाड्यांच्या पाभरीने, ओलीत गेले पाहिजे. खरिपात बाजरीच्या दोन ओळींमागे तुरीची एक धरा, युरिया बाजरीलाच द्या. तुरीच्या बुडाशी नत्र साचले की मुळांवरच्या गाठी आळसावतात. घरचे नत्र बंद, विकतचे सुरू. कपाशीतल्या मुगालाही हेच लागू.

हे शेतकऱ्याला कळत नाही, असे साहेब म्हणतात. कळते, पण हिशेब जुळत नाही! 1992 मध्ये स्फुरद-पालाशवरचे नियंत्रण उठले, युरियावरचे राहिले. 2010 च्या अनुदान धोरणातूनही युरिया बाहेरच. म्हणून 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना, आणि डीएपीला पाचपट पैसे. उलट मे 2021 मध्ये सरकारने तुरीची आयात खुली केली. जमिनीला नत्र देणाऱ्या पिकाचा भाव पाडायचा आणि वर संतुलित खतांचे मेळावे घ्यायचे!

तुरीच्या आयातीचे धोरण पेरणीआधी जाहीर करा आणि हंगामात बदलू नका, ही मागणी आम्ही जिल्हा बैठकीत मांडणार आहोत.