मेक्सिकोचे यश उसने नव्हते

कोपा अमेरिका स्पर्धेतल्या मेक्सिकोच्या यशाला अनेक फुटबॉलप्रेमी आजही तळटिपेत ढकलतात. त्यांचा पूर्वपक्ष असा : दक्षिण अमेरिकेच्या महासंघात देश दहाच, बारा संघांची स्पर्धा भरवायची म्हणून १९९३पासून बाहेरच्यांना बोलावले. भरतीच्या संघाला गमावण्यासारखे काही नसते, तो बिनधास्त खेळतो. म्हणून त्याच्या उपविजेतेपदाचे मोल निम्मे.

बोलावण्याचे कारण मान्य. पण निमंत्रण का मिळाले यावरून खेळाची किंमत ठरत नाही. १९९३ ते २००७ या काळात कोपा सात वेळा झाली. पहिल्या तीन क्रमांकांच्या एकवीस जागांपैकी ब्राझीलने पाच मिळवल्या आणि मेक्सिकोनेही पाचच. अर्जेंटिना, उरुग्वे, कोलंबिया यांना प्रत्येकी तीन. बिनधास्तपणावर एखादा सामना निघतो, चौदा वर्षे निघत नाहीत.

आणि दडपण नव्हते, हे कुणी ठरवले? १९९३चा उपांत्य सामना मेक्सिको कितोमध्ये, यजमान इक्वेडोरच्या प्रेक्षकांसमोर खेळला आणि २-० जिंकला. अंतिम सामन्यात गालिंदोने पेनल्टीवर अर्जेंटिनाशी बरोबरी साधली होती. बातिस्तुताच्या दुसऱ्या गोलने चषक हुकला. २००१चा अंतिम सामना बोगोतात, पुन्हा यजमानांशीच, म्हणजे कोलंबियाशी. तोही एका गोलने गेला. त्या सात स्पर्धांत मेक्सिकोला घरचे मैदान एकदाही मिळाले नाही, हे मोल निम्मे करणारे विसरतात.

२००१बद्दलचा आक्षेप मात्र वजनदार आहे. अर्जेंटिनाने माघार घेतली होती, ब्राझीलचे कित्येक प्रमुख खेळाडू आले नव्हते. त्या वर्षीचे यश थोडे हलके धरा, माझी हरकत नाही. मग कोलंबियाचे आजवरचे एकमेव विजेतेपदही त्याच तराजूत घाला. ते कुणी घालत नाही. अर्जेंटिनाच्या जागी ऐन वेळी आलेल्या होंडुरासने ब्राझीलला २-० हरवले आणि पुढे तिसरा क्रमांक मिळवला, त्यालाही मग योगायोग म्हणावे लागेल.

पुढची घसरण खरी आहे. २०११मध्ये मेक्सिको तिन्ही सामने हरला. पण त्याच वर्षी मेक्सिकोच्या स्वतःच्या महासंघाची स्पर्धा, गोल्ड कप, होती, मुख्य संघ तिकडे गेला आणि कोपाच्या वाट्याला प्रामुख्याने बावीस वर्षांखालची मुले आली. २०१५लाही दुय्यम संघच होता. २०१६मध्ये चिलीकडून झालेला ०-७ हा पराभव मात्र पूर्ण ताकदीच्या संघाचा. त्याला सबब नाही, आणि मी शोधणारही नाही.

माझे म्हणणे इतकेच, की मेक्सिकोची कामगिरी पूर्ण मोलाने मोजावी. आणि महासंघाने पाहुण्यांना बोलावताना मुख्य संघच हवा, अशी अट घालावी. तो दमलेला असेल, ही भीती नको. २००७मध्ये गोल्ड कपचा अंतिम सामना हरल्यावर तीनच दिवसांनी मेक्सिकोने कोपात ब्राझीलला २-० हरवले. ब्राझीलने ती स्पर्धा जिंकली. पराभव मात्र त्याला तिथे एकच पत्करावा लागला, तो मेक्सिकोकडून.